चाळीसचा खड्डा

नजरसाहेब काय काम करतात हे त्यांच्या सासऱ्यांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं. धाकट्या जावयाने ते सात मिनिटांत समजावून दिलं. सात मिनिटं हा आकडा अंदाजपंचे नाही. नजरसाहेबांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं, कारण तेवढा वेळ दुसरीकडे कुठे बघावं हे त्यांना सुचत नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही मुली-जावयांनी दुपारी जेवायला यायचं, असा त्या घरचा शिरस्ता होता. सासरे निवृत्त शिंपी. दुकान विकलं तरी गळ्यातली टेप गेली नव्हती; जेवतानाही ती दोन्ही खांद्यांवर असायची. त्या दिवशी हात धुऊन झाल्यावर धाकट्याने, म्हणजे नजरसाहेबांच्या साडूने, मांडीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर उभी चिरलेली एक नळी होती आणि तिच्या भिंतीत निळे, पिवळे, लाल पट्टे गोल गोल फिरत होते.

"हे बघा मामा," साडू म्हणाला, "नळीच्या आतून एक छोटं तारेचं रीळ ओढत न्यायचं. रिळात वीज सोडली की नळीच्या भिंतीतही वीज फिरायला लागते, भोवऱ्यासारखी. भिंत जिथे बाहेरून झिजलीय तिथे भोवऱ्याला वाट बदलावी लागते. ते रिळाला जाणवतं. त्यावरून झीज किती खोल आहे ते दादा ओळखतात. नळी बाहेरून न बघता."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे कोट न उलटता अस्तर कुठे विरलंय ते सांगायचं."

"अगदी तेच."

"मग असं सांगायचं ना इतकी वर्षं, जावईबापू," सासरे थोरल्याकडे वळून म्हणाले. "मी लोकांना सांगत आलो, आमचे थोरले नळदुरुस्तीत आहेत म्हणून."

नजरसाहेब हसले. अशा हसण्याला दात लागतात, बाकी काही लागत नाही.

घरी परतताना बायको म्हणाली, "किती छान समजावलं नाही त्यांनी? आणि रंग काय सुंदर होते."

"खऱ्या नळीत रंग नसतात."

"ते मला कळतं हो."

"खऱ्या नळीत गंज असतो, गाळ असतो, एकदा तर मेलेली पाल होती."

"ते बाबांना जेवल्यावर दाखवायला हवं होतं का?" बायकोने विचारलं, आणि तो विषय तिथेच मिटला. मिटला म्हणजे नजरसाहेबांच्या पोटात गेला.

पोटात तसे त्याला सोबती भरपूर होते. साडू नऊ वर्षांनी लहान. डोक्यावर सगळे केस. बिनसाखरेचा चहा पितो आणि तो प्यायल्यावर कप स्वतः विसळून ठेवतो. या कप विसळण्याचा उल्लेख नजरसाहेबांच्या घरात आठवड्यातून सरासरी दोनदा व्हायचा. नजरसाहेबांनी एकदा साडूच्या देखत आपलाही कप विसळला होता, पण तेव्हा नेमकं कुणाचं लक्ष नव्हतं, आणि कान तुटला तो मात्र सगळ्यांनी पाहिला.

तरीही हे सगळं महिन्यातून एका रविवारपुरतं होतं. पुढच्या सोमवारी साडू वीजकेंद्रात आला.

नजरसाहेब ज्या वीजकेंद्रात काम करत तिथे बॉयलरकडे जाणारं पाणी आधी एका हीटरमधून जाई. हा हीटर म्हणजे आगगाडीच्या डब्याएवढं आडवं पोलादी पिंप. आत करंगळीएवढ्या जाडीच्या अकराशे नळ्या. नळ्यांमधून प्रचंड दाबाचं पाणी, बाहेरून वाफ. नळ्या जागोजागच्या आधारपट्ट्यांना घासतात आणि बाहेरून झिजतात. एखादी फुटली तर तिच्यातून सुटणारी पाण्याची धार शेजारच्या नळ्या कापत जाते आणि सगळं युनिट बंद पडतं. म्हणून दर दीड वर्षाने शटडाऊन घेऊन प्रत्येक नळीतून रीळ ओढायचं, पडद्यावर उमटणारी आठ आकड्यासारखी वेटोळी वाचायची, आणि जिची भिंत पन्नास टक्क्यांहून जास्त झिजली असेल तिच्या दोन्ही तोंडांना बूच मारून ती कायमची बंद करायची. ही वेटोळी वाचण्याचं काम पंचवीस वर्षं एकाच माणसाकडे होतं.

'नजरसाहेब' हे नाव त्यांना असं मिळालं. बाहेरच्या कंत्राटी कंपनीचा वाचक एखाद्या नळीला बेचाळीस टक्के म्हणायचा. नजरसाहेब पडद्याकडे बघायचे, डोकं किंचित डावीकडे कलवायचे आणि म्हणायचे, "बावन्न." यावरून एकदा वाद झाला तेव्हा ती नळी ओढून काढली, कापली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बावन्न. तीन वर्षांनी पुन्हा तसाच वाद, पुन्हा तसाच निकाल. त्यानंतर वाद घालणं बंद झालं आणि डोकं डावीकडे कलवण्याची नक्कल कँटीनमध्ये सुरू झाली. नजरसाहेबांना ती नक्कल आवडायची. नक्कल काही कुणाचीही करत नाहीत.

आता या नजरेची खरी हकिगत सांगायला हवी. ती तोवर एकाच माणसाला ठाऊक होती.

यंत्र लावण्याआधी त्याला माप शिकवावं लागतं. त्यासाठी एक नमुन्याची नळी असते. तिच्या भिंतीत मोजून खड्डे पाडलेले असतात: एक आरपार, मग ऐंशी टक्के खोल, साठ, चाळीस, वीस. यंत्राला ते दाखवायचे आणि सांगायचं, बाबा रे, याला ऐंशी म्हणतात, याला साठ म्हणतात. आता यावरून बाकीच्यांचं ओळख. एकोणीस वर्षांपूर्वी ही नमुन्याची नळी नजरसाहेबांनी हरवली. मचाणावर कुठेतरी ठेवली आणि भंगाराबरोबर गेली. शटडाऊनचा तिसरा दिवस होता. त्यांनी कुणाला न सांगता वर्कशॉपच्या टर्नरकडून तशीच दुसरी पाडून घेतली. चाळीसचा खड्डा पाडताना टर्नरला शिंक आली. ड्रिल आत गेलं. दोघांनी वाकून खड्ड्यात पाहिलं.

"पन्नास तरी झाला," नजरसाहेब म्हणाले.

"कोण उतरून बघतंय आत?" टर्नर म्हणाला.

कुणी पाहिलं नाही. नळीचं प्रमाणपत्र जुन्या आराखड्यावरून आधीच टाइप झालं होतं. पुन्हा नळी मागवायची म्हणजे पहिली हरवल्याचं सांगायचं, आणि नोकरीला तेव्हा सहावं वर्ष लागलेलं. तेव्हापासून पन्नासच्या खड्ड्याला यंत्र चाळीस समजत आलं, आणि चाळिसाच्या आसपासचं प्रत्येक वाचन नजरसाहेब मनातल्या मनात दहाने वाढवत आले. डोकं डावीकडे कलवायला जो वेळ लागे तो बेरजेचा होता. टर्नर पुढे निवृत्त झाला आणि नंतर वारलाही. कंत्राटदाराच्या एका माणसाने एकदा आलेख बघून म्हटलं होतं, "साहेब, तुमच्या रेषेला मध्येच पोट सुटलंय." "वयाप्रमाणे सुटतं," नजरसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

एकदाच गडबड झाली. सहा वर्षांपूर्वी नजरसाहेबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन नेमकं शटडाऊनमध्ये आलं. त्या वेळी वाचन कंत्राटदाराने एकट्याने केलं. चार महिन्यांनी एक नळी फुटली, तिने शेजारच्या दोन कापल्या, युनिट सहा दिवस बंद. कागदावर ती नळी चव्वेचाळीस होती. 'नजरसाहेब असते तर' हे वाक्य आठवडाभर सगळीकडे ऐकू येत होतं. मुख्य अभियंता, ज्यांना सगळे चीफ म्हणत, फळांची टोपली घेऊन घरी आले. टोपलीतली फळं नजरसाहेबांनी खाल्ली नाहीत. डॉक्टरांनी मनाई केलीय असं बायकोला सांगितलं. डॉक्टर फळांबद्दल काहीच बोलले नव्हते.

या खेपेच्या शटडाऊनला साडूला चीफनेच बोलावलं होतं. संगणकात हुबेहूब नळी उभी करायची, तिचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्यात वीज कशी वाहील याचं गणित सोडवायचं. मग हव्या त्या खोलीची झीज कल्पून तिचं वेटोळं कसं दिसेल ते रीळ न ओढताच काढायचं. अशी हजारो वेटोळी संगणकाला शिकवली की पुढच्या शटडाऊनपासून वाचन संगणक करणार. या सगळ्या उभारणीला साडू 'मॉडेल' म्हणायचा.

"नजरसाहेबांनी फक्त सही करायची," चीफ म्हणाले. "किती वर्षं डोळे फोडणार?"

ते चांगल्या मनाने बोलले होते. नजरसाहेबांना चांगल्या मनाचा गेले काही दिवस फारच जाच होत होता.

वाचनाचं काम हीटरपाशी ठेवलेल्या एका पत्र्याच्या केबिनमध्ये चाले. आत एक लांब टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि पुसून न जाणारा तेलाचा वास. पंचवीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर नजरसाहेबांचा डबा बसायचा. आता तिथे साडू बसला. तो आत येताना बूट दाराशी काढून मोज्यांवर बसायचा. त्याच्या नखांत काही नव्हतं. नजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी हे पाहून घेतलं.

पहिल्या आठवड्यात मॉडेलने आरपार खड्ड्याचं वेटोळं काढलं. खऱ्याशी तंतोतंत. मग ऐंशीचं, साठचं, वीसचं. साडूने प्रत्येक वेळी खुर्ची वळवून विचारलं, "दादा, जमलंय का?" आणि नजरसाहेबांना दर वेळी मान हलवावी लागली. जन्मात कधी नळीला हात न लावलेल्या माणसाने बसल्या जागी ती वेटोळी काढावीत, आणि ती चुकीची असू नयेत, याला काही न्याय आहे का, असं ते संध्याकाळी चप्पल काढताना म्हणाले. बायकोने विचारलं, "कुणाला म्हणताय?" "चपलेला," ते म्हणाले.

चाळीसचं मात्र जमेना.

मॉडेलचं वेटोळं एका कोनात उभं राही, खऱ्याचं तेरा अंशांनी झुकलेलं. साडूने तुकड्यांची जाळी आणखी बारीक केली. पोलादाची वाहकता पुन्हा मोजली. रिळाचे वेढे मोजले. दिवसभर खटपट करून म्हणायचा, "चुकलं माझं कुठेतरी." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "हेही चुकलं." तो हे शब्द 'पाऊण वाजला' म्हणावं तितक्या सहज म्हणायचा. नजरसाहेब पाठमोरे बसून मोजायचे. बुधवारी सात वेळा. गुरुवारी नऊ.

हे नऊ दिवस नजरसाहेबांच्या आयुष्यातले बरे दिवस होते हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना भूक लागायची. ते कँटीनमधून साडूसाठी बिनसाखरेचा चहा घेऊन यायचे. घरी शीळ वाजवताना बायकोने त्यांना पकडलं.

"त्यांचं काम अडलंय म्हणे," ती म्हणाली. "धाकटी सांगत होती. जेवणावर लक्ष नाही त्यांचं."

"असं?"

"तुम्ही काही मदत करा की. तुमच्या नळ्या आहेत."

"मला गणित येत नाही," नजरसाहेब म्हणाले. दहा मिळवण्याइतकं येत होतं, पण तो भाग त्यांनी सांगितला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचायला लागली, आणि ती केस किंवा कप यांपैकी नव्हती. साडू दिवसात नऊ वेळा चुकतो आणि संध्याकाळी शांत झोपतो. आपण एकोणीस वर्षांत एकदा चुकलो. ते 'चुकलं माझं' एकदाही तोंडातून निघालं नाही आणि आता निघण्यासारखं राहिलंही नाही, कारण त्यावर एवढी मोठी इमारत उभी राहिली होती आणि तिच्या दारावर 'नजर' अशी पाटी होती. हा माणूस ते शब्द खिशातल्या सुट्या नाण्यांसारखे उधळतो. याची संपत्ती असेल तर ही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना कपापेक्षा त्याचा जास्त राग आला.

दहाव्या दिवशी साडू टेकून बसला आणि म्हणाला, "दादा, हरलो. मॉडेलमध्ये चाळिसाच्या आसपास काहीतरी माझ्या समजण्यापलीकडचं आहे. तिथे एक दुरुस्तीचा गुणक घालतो. नमुन्याच्या नळीशी जुळवून घेतलं की झालं. शेवटी खरी नळी ती खरी नळी."

"गुणक म्हणजे?"

"म्हणजे मॉडेलचं वेटोळं ओढूनताणून तुमच्या नळीसारखं करायचं. लबाडीच आहे, पण लिहून ठेवेन."

नजरसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. साडू आता संगणकाला शिकवणार होता की पन्नासला चाळीस म्हणतात. आणि संगणक डोकं डावीकडे कलवत नाही.

गुणक बसला. चीफच्या समोर चाचणी झाली. याच शटडाऊनमध्ये ओढलेल्या शंभर नळ्या एकीकडे नजरसाहेबांनी वाचल्या, दुसरीकडे प्रोग्रॅमने. अठ्ठ्याण्णव नळ्यांवर दोघांचं एकमत. प्रोग्रॅमला लागली चार मिनिटं, नजरसाहेबांना दोन दिवस. उरलेल्या दोन नळ्यांमधली एक चौदाव्या ओळीतली सदतिसावी. प्रोग्रॅम म्हणाला त्रेचाळीस. नजरसाहेब म्हणाले त्रेपन्न.

चीफनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "मग?"

"दादा म्हणतात तर बूच मारा," साडू लगेच म्हणाला. "त्यांच्या नजरेपुढे माझा प्रोग्रॅम काय."

दोन्ही नळ्यांना बूच बसलं. चीफ खूष होऊन गेले. नजरसाहेब जिंकले होते, आणि जिंकून दिलं होतं साडूने.

केबिनमध्ये परतल्यावर साडूने वही उघडली. "आता मला शिकवा. त्रेपन्न कशावरून ओळखलंत? वेटोळ्यात काय दिसतं? पुढल्या वेळी तुम्ही रजेवर असलात तर प्रोग्रॅमला ते कळायला हवं."

"अनुभव," नजरसाहेब म्हणाले.

साडूने वहीत 'अनुभव' असं लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि पुढचा शब्द यायची वाट बघत पेन उघडंच धरून बसला. शेवटी त्याने पेन बंद केलं, बूट घातले आणि निघून गेला.

नजरसाहेब मात्र शिफ्ट संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. आधी त्यांनी मनात एक चित्र रंगवलं, आणि ते बराच वेळ बघत राहिले. दीड वर्षाने शटडाऊन. वाचन संगणकाचं. चव्वेचाळीस म्हणून सोडलेली नळी फुटते, युनिट बंद, आणि सगळे साडूकडे बघतात. इथवर चित्र फार गोड होतं. पण चित्र तिथे थांबेना. साडू उठून उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं." लोक म्हणाले, काय सच्चा माणूस आहे. सासरे म्हणाले, याला म्हणतात मोठं मन. फळांची टोपली घेऊन चीफ साडूच्या घरी गेले.

म्हणजे जी चूक टर्नरच्या शिंकेने आणि आपल्या भित्रेपणाने झाली, जी आपण एकोणीस वर्षं एकट्याने वाहिली, तीसुद्धा हा माणूस घेऊन जाणार. आणि तिच्यावर कौतुक मिळवणार. शिवाय नळी फुटेल ती फुटेलच. सहा वर्षांपूर्वी ती फुटली तेव्हा हीटरपाशी कुणी नव्हतं. या वेळीही नसेल असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू बूट काढत असतानाच नजरसाहेब म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा गुणक काढून टाका."

"का?"

"चाळीसचा खड्डा चाळीसचा नाही. पन्नासचा आहे. मला माहीत आहे कारण मीच पाडून घेतलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हरवलेली नळी, शिंक, प्रमाणपत्र, दहाची बेरीज, फुटलेली नळी, फळं. एका हातात बूट धरून साडू ऐकत होता. नजरसाहेबांनी मनाची तयारी केली होती. साडू चिडेल, दहा दिवस फुकट घालवले म्हणेल, निदान तोंड तरी पाडेल. तेवढ्यासाठी ते खुर्चीत ताठ बसले होते.

साडू सावकाश खाली बसला. "म्हणजे," तो म्हणाला, "मॉडेल बरोबर होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

साडूने बूट टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो आनंदाने हसत होता. माणसाने काळीज काढून समोर ठेवावं आणि ऐकणाऱ्याने हरवलेली किल्ली सापडल्यासारखं हसावं, असा प्रकार. नजरसाहेबांनी आयुष्यात कुणाचा इतका हेवा केला नव्हता.

चीफनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेपरवेट फिरवला. "तुम्ही चुकीच्या मापाने बरोबर उत्तरं देत होतात," ते शेवटी म्हणाले. "याला काय शिक्षा करायची ते मला नियमात सापडत नाही. आणि तुम्ही नसताना जे झालं त्याला काय करायचं तेही नाही. लेखी खुलासा द्या. सगळा. टोपलीसकट नको, पण सगळा."

नमुन्याची नळी कापायचं ठरलं. त्याआधी साडूने गुणक काढला आणि खड्ड्याचं खरं वेटोळं मॉडेलला दाखवलं. मॉडेल म्हणालं, त्रेपन्न. नजरसाहेब एकोणीस वर्षं म्हणत आले होते, पन्नास. प्रयोगशाळेतल्या बाईंनी खड्डा मधोमध कापला, घासून आरशासारखा केला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि कुणाच्या बाजूने काय लागतंय याचा पत्ता नसल्यामुळे सहज आवाजात सांगितलं, "एक्कावन्न."

नजरसाहेबांनी तिथल्या तिथे हिशेब केला. मॉडेल दोनाने चुकलं. ते एकाने.

साडू फोटो काढण्यात गुंतला होता. चीफ म्हणाले, "चला, उत्तम," आणि निघाले. नजरसाहेबांनी कापलेल्या तुकड्याचा अर्धा भाग मागून घेतला, कागदात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला. त्यांना नवी नजर लाभल्यासारखं वाटत होतं, आणि ही तरी खरी होती: ड्रिल बाहेर आल्यावर एका दृष्टिक्षेपात म्हटलेले पन्नास. दहा लाख तुकड्यांच्या गणितापेक्षा एकाने जवळ. आता ही गोष्ट कुठे आणि कशी सांगायची एवढंच ठरवायचं होतं, आणि जागा तर ठरलेलीच होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी नजरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून सासऱ्यांकडे गेले. खिशात पुडी. जेवताना त्यांनी घाई केली नाही. सासऱ्यांचे हात धुऊन होऊ द्यायचे, ते खुर्चीत बसले की पुडी त्यांच्या तळहातावर ठेवायची, आणि मग शांतपणे सुरुवात करायची: मामा, हा बघा. मनातल्या मनात हे चार वेळा म्हणून झालं होतं.

सासरे खुर्चीत बसले. नजरसाहेबांचा हात खिशाकडे गेला.

"मामा," साडू आपला कप विसळून येत म्हणाला, "दादांनी सांगितलं की नाही? आमची पैज लागल्यासारखीच झाली. एका खड्ड्याची खोली काढायची होती. माझ्या मॉडेलने सांगितलं त्रेपन्न. दादांनी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं पन्नास. कापून बघितलं तर एक्कावन्न. दादा जिंकले."

"काय सांगता," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, बोलला नाहीत ते," बायको म्हणाली, आणि तिने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. ती मिळवून दिली साडूने, हात पुसत पुसत.

नजरसाहेबांचा हात खिशावरच राहिला. साडूने सगळं सांगितलं होतं आणि एक भाग गाळला होता. का गाळला तेही उघड होतं: चारचौघांत दादांची शोभा नको. म्हणजे आता जन्मभर दर पहिल्या रविवारी या खोलीत बसायचं आणि समोर बसलेल्या या माणसाने आपल्याला सांभाळून घेतलंय हे आठवत चहा प्यायचा. हेवा माणूस सोसू शकतो. उपकार सोसायचे म्हणजे वेगळी छाती लागते, आणि नजरसाहेबांकडे ती नव्हती.

"तो खड्डा चाळीसचा हवा होता," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मी चुकीचा पाडून घेतला. एकोणीस वर्षांपूर्वी. कुणाला सांगितलं नाही. माझी नजरबिजर काही नाही, मी दहा मिळवत होतो. आणि मी ऑपरेशनला गेलो तेव्हा जी नळी फुटली ती त्यामुळेच फुटली. चुकलं माझं."

हे शेवटचे दोन शब्द त्यांना वाटलं होतं तितके जड निघाले नाहीत. साडूइतके सहज मात्र निघाले नाहीत, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

साडू खाली बघत होता. बायकोचा चेहरा लगेच वाचता येण्यासारखा नव्हता. "म्हणून ती फळं," ती एवढंच म्हणाली.

सासऱ्यांनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी सारखी केली. "मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड कापली होती," ते म्हणाले. "त्याला सांगितलं, घड्याळ दिसावं म्हणून अशी ठेवलीय. मेला खूष झाला. पुढले सगळे कोट तसेच शिवायला लावले. बारा वर्षं मी त्या माणसाची डावी बाही मुद्दाम आखूड कापत होतो." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "दर वेळी कात्री लावण्याआधी दुकानाचं दार लोटून घ्यायचो. त्याच बाहीला. काय आहे खिशात?"

नजरसाहेबांनी पुडी सोडली. बोटाच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा, एका अंगाने आरशासारखा. सासऱ्यांनी तो उजेडात धरला, नखाने खड्डा चाचपला, आणि मग टेपेचं टोक त्याला लावून पाहिलं. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

तुकडा हातोहात फिरत साडूकडे आला. त्याने तो दोन बोटांत धरून बराच वेळ बघितला. दहा दिवस ज्याने छळलं तो खड्डा तो पहिल्यांदाच हातात घेत होता. खरी नळी त्याने कधी हातात घेतलीच नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर एक भाव आला, आणि तो काय आहे हे ओळखायला नजरसाहेबांना डोकं कलवावं लागलं नाही. तो त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता.

"दादा," साडू म्हणाला, "हा माझ्याकडे राहू दे का? टेबलावर ठेवेन. आठवण म्हणून."

नजरसाहेबांनी हात पुढे केला, तुकडा परत घेतला, कागदात नीट गुंडाळला आणि खिशात टाकला.

"नाही," ते म्हणाले, आणि सगळ्यांचे कप गोळा करून विसळायला आत गेले.